आईचा होकार मी मिळवला. तो तिचा होता का?

जुन्यानाशकातला (प्रश्नकर्ता):

नमस्कार. घरातला प्रश्न येथे मांडत आहे, कारण नातेवाइकांपाशी विषय काढला की प्रत्येकजण "तू जे केलेस ते आईच्या भल्यासाठीच केलेस" एवढेच म्हणतो, आणि मला नेमके तेवढ्यावर समाधान होईनासे झाले आहे.

माझी आई 74 वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात एकटी राहत होती. वाडा लाकडी, जिना उभा आणि दिवसाही अंधारा. 2016 आणि 2019 या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या पुरात पाणी सराफ बाजारात शिरले, तेव्हा गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी (पुराची पातळी नाशिककर याच मूर्तीवरून जोखतात) पाणी कुठवर आले हे मी तिला दर तासाला फोन करून सांगत होतो आणि ती मलाच धीर देत होती. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा येतात, आणि एखादा वाडा पडल्याची बातमी जवळपास दरवर्षी वाचायला मिळते. तेव्हा तिने इंदिरानगरच्या माझ्या घरी राहायला यावे या माझ्या इच्छेमागची काळजी खरी होती, हे आधीच सांगतो.

तिला मी तीन वर्षे सरळ विचारत होतो आणि ती तीन वर्षे सरळ नकार देत होती. सकाळी पूल ओलांडून काळाराम मंदिरात जाणे, बुधवारी घाटावरच्या बाजारातून भाजी आणणे, संध्याकाळी भजनी मंडळ, असे तिचे आयुष्य तिथे बसलेले होते. या वैशाखात मी मार्ग बदलला. आधी "नातवाच्या सुटीत चार दिवस ये" म्हणून तिला आणले. त्या चार दिवसांत तिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे नेले, आणि तिला आत बोलावण्यापूर्वी मी एकटा आत जाऊन म्हणालो, "तुम्ही जरा कडक शब्दांत सांगा, आमचे ती ऐकत नाही." डॉक्टरांनी मला सांगितले होते की हाडे वयाप्रमाणे ठिसूळ झाली आहेत, जिन्याला कठडा बसवा, सांभाळून चढउतार करू द्या. तिला मात्र त्यांनी सांगितले की एकटे राहणे आता योग्य नाही, पुन्हा पडलात तर अंथरुणाला खिळाल. त्यानंतर भजनी मंडळातल्या तिच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीला, म्हणजे मावशींना, मी घरी जाऊन गळ घातली की तुम्हीही तिला हेच सांगा. नातवालाही रोज "आजी, तू परत जाणार का?" असे विचारायला शिकवले. आठ दिवसांत आई "हो" म्हणाली.

आता दोन महिने झाले. तिची खाण्यापिण्याची, औषधाची काही आबाळ नाही. पण परवा ती फोनवर तिच्या बहिणीला म्हणाली, "डॉक्टरांनीच सांगितले, मग मी काय करणार?" मी दाराआड उभा होतो. हा निर्णय तिने घेतला, असे मी दोन महिने स्वतःला सांगत आलो होतो. तिच्या बोलण्यात तो निर्णय तिचा नव्हताच.

आपण सगळेच रोज एकमेकांचे मन वळवत असतो. मुलांना अभ्यासाला बसवतो, जोडीदाराला खर्चापासून परावृत्त करतो, मित्राला व्यसनातून ओढून काढतो. यात योग्य कुठवर आणि अयोग्य कुठपासून? हेतू चांगला आणि परिणामही वाईट नाही, तरी मार्ग चुकीचा असू शकतो का?

कोर्टरस्ता:

मी दिवाणी वकिली करतो, म्हणून माझ्या ओळखीच्या बाजूने उत्तर देतो. आईने मुलाकडे राहायला येणे हा काही करार नाही, त्यामुळे कायदा येथे लागू करण्याचा प्रश्न नाही. परंतु संमती कशाला म्हणावे याचा विचार 1872च्या भारतीय करार अधिनियमात फार बारकाईने झालेला आहे आणि तो घरातही उपयोगी पडतो. कलम 14 प्रमाणे संमती मुक्त असावी लागते. जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट, दिशाभूल करणारे निवेदन किंवा चूक यांमुळे मिळालेली संमती मुक्त मानली जात नाही.

आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे कलम 16 आहे. एक व्यक्ती दुसरीच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा स्थितीत असेल आणि त्या स्थितीचा वापर करून तिने गैरवाजवी लाभ मिळवला असेल, तर तो अनुचित प्रभाव. अशी स्थिती कोणाची असते, हेही कायद्याने सांगितले आहे: ज्याच्याकडे अधिकार आहे किंवा दिसतो, ज्याच्यावर विश्वास टाकलेला आहे, किंवा समोरच्याची मानसिक क्षमता वयाने, आजाराने, मानसिक वा शारीरिक क्लेशाने क्षीण झालेली आहे. आपल्या आईची बुद्धी शाबूत आहे, हे आपल्या लिहिण्यावरूनच दिसते. पण विश्वासाचे नाते तर आहेच. व्यवहार सकृतदर्शनी अन्याय्य दिसत असेल, तर प्रभाव टाकला नाही हे सिद्ध करण्याचा भार वरचढ असलेल्या बाजूवर येतो. माझ्या मते या कायद्यातले हे सर्वांत शहाणपणाचे तत्त्व आहे. आपण उलट करतो. "तिने नाही म्हणायचे होते, कोणी अडवले होते?" असे विचारून ओझे दुबळ्यावर टाकतो.

वृद्धांच्या व्यवहारात न्यायालये आणखी एक गोष्ट पाहतात, ती म्हणजे त्यांना स्वतंत्र सल्ला मिळाला होता का. आपल्या आईला सल्ला देणारी तीन माणसे होती, डॉक्टर, मैत्रीण आणि नातू, आणि तिघांच्या तोंडी शब्द आपण घातलेले होते. तिला वाटले, तीन वेगवेगळ्या दिशांनी एकच गोष्ट येत आहे, म्हणजे ती खरी असली पाहिजे. मला सर्वांत गंभीर बाब ही वाटते. आपण तिला चुकीचे मत दिले असे मी म्हणत नाही. तिची पडताळणी करण्याची साधनेच आपण ताब्यात घेतली.

आता एक प्रश्न, राग मानू नये. 2027च्या सिंहस्थाच्या तयारीने गावठाणातल्या जागांविषयी बरीच चौकशी चालू आहे. वाडा रिकामा झाल्याने आपला काही लाभ होणार आहे का? आपण लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. पुढे आई वाडा बक्षीसपत्राने आपल्या नावे करणार असेल, तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तात स्पष्ट लिहून घ्या. 2007च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम 23 मध्ये, अशा अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे. ही अट आपण स्वतःहून घालावी, तिने मागण्याची वाट पाहू नये.

रुग्णसेविका_नाशिकरोड:

थोडक्यात लिहिते. "तुम्हीच सांगा, आमचे ऐकत नाहीत" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, आणि ते म्हणणारी माणसे बहुतेक वेळा थकलेली व प्रेमळ असतात. परंतु पडण्याची भीती ही स्वतःच एक व्याधी आहे. भीतीने वृद्ध माणूस चालणे कमी करतो, पायांतली ताकद जाते, तोल बिघडतो आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. आई दिवसभर बसून राहत असेल, तर त्या कडक शब्दांचा तो परिणाम असू शकतो. तिला पुन्हा डॉक्टरांकडे न्या, तिला एकटीला आत पाठवा आणि तिच्या हाडांची खरी स्थिती तिला तिच्या कानांनी ऐकू द्या. शरीर तिचे आहे.

माहेर_निफाड:

वरील चर्चेत लपवाछपवीवर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण माझ्या बाबतीत कोणी काहीच लपवले नव्हते, तरीही जे झाले त्याला मी मुक्त संमती म्हणू शकत नाही, म्हणून लिहीत आहे.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे 2005च्या दुरुस्तीने ठरले आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीची शंकाही मिटवली. हे मला ठाऊक होते, माझ्या भावालाही ठाऊक होते, आणि त्याने ते माझ्यापासून लपवले नाही. तो स्वतः येऊन म्हणाला की द्राक्षबागेचे दोन हंगाम अवकाळीने गेले आहेत, सोसायटीचे कर्ज थकले आहे, नवे कर्ज काढायचे तर सातबाऱ्यावर एकट्याचे नाव हवे. प्रत्येक शब्द खरा होता. त्याने धमकी दिली नाही, खोटे सांगितले नाही, घाई केली नाही. फक्त आई एकदा म्हणाली, "तू हिस्सा घेतलास, तर दिवाळीला कोणत्या तोंडाने येशील?" आणि तीही रागाने म्हणाली नाही, रडत म्हणाली.

मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. तिथल्या लेखनिकाने विचारले, "स्वखुशीने देताय ना?" मी "हो" म्हणाले. त्या कागदावर लिहिलेले सगळे खरे होते, स्वखुशीने हा एक शब्द सोडून. आपल्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. मी भिडेखातर सही केली. माझ्यासमोर एका बाजूला काही एकर जमीन होती आणि दुसऱ्या बाजूला भाऊबीज, आईचे दार, माझ्या मुलांचे आजोळ. ही निवड माझ्यापुढे कोणीतरी ठेवली होती, आणि ती निवड जणू निसर्गानेच ठेवली आहे, अशा थाटात सारे वावरत होते.

भाऊ वाईट नाही. तो आजही पहिल्या तोडणीची पेटी मला पाठवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एकदा विचारले, "ताई, तू मनापासून दिलेस ना?" मी पुन्हा "हो" म्हणाले, कारण "नाही" म्हणण्याची किंमत तेव्हाही तीच होती. म्हणून प्रश्नकर्त्या दादांना सांगावेसे वाटते की आईला "तुला इथे बरे वाटते ना?" असे विचारून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. ज्याच्या घरात राहायचे, ज्याच्या हातचे औषध घ्यायचे, त्याला कोणती आई "नाही" म्हणेल?

निवृत्त_शिक्षक:

माहेर_निफाड ताईंचे लिखाण वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. त्यांनी जो धागा दाखवला आहे, त्याविषयीच लिहितो. परंतु आधी एक मतभेद नोंदवतो. या चर्चेचा रोख असा होऊ लागला आहे की कोणाचे मन वळवणे हेच मुळात संशयास्पद. मला ते मान्य नाही. माझ्या तरुणपणी मला तंबाखूचे व्यसन होते आणि माझ्या पत्नीने चार वर्षे माझा पिच्छा पुरवला. "हा तुमचा निर्णय आहे" असे म्हणून ती गप्प बसली असती, तर तिने माझ्या स्वातंत्र्याचा आदर केला असे मी म्हटले नसते. तिने मला वाऱ्यावर सोडले असे म्हटले असते. प्रेमाच्या माणसाला आपले मत ऐकवणे, पुन्हा ऐकवणे, भांडणे, हा नात्याचा भाग आहे.

आपल्या भाषेने या कामाला अनेक शब्द दिले आहेत आणि ते एकाच अर्थाचे नाहीत. समजावणे या शब्दात समोरच्याची समज आहे. काम त्याच्या बुद्धीने करायचे आहे. पटवून देण्यात पटणे त्याचे आहे. गळ घालण्यात नात्याचे वजन आले, तरी ते उघड आहे. भरीस घालण्यात त्याचा तोल जाईल अशी व्यवस्था आली. आणि गळी उतरवण्यात त्या माणसाचा फक्त गळा उरला. बोलणाऱ्याला आपण यांपैकी काय करत आहोत हे बहुधा आतून कळत असते. प्रश्नकर्त्यांनी स्वतः "मी मार्ग बदलला" असे लिहिले आहे, म्हणजे त्यांना ते तेव्हाही कळत होते.

कौटिल्याने सामाचे पाच प्रकार सांगितले आहेत: गुणांची स्तुती, नात्याची आठवण, एकमेकांवरच्या उपकारांचा दाखला, पुढच्या लाभाची आशा आणि "माझे ते तुझेच" असे म्हणून स्वतःला देऊ करणे. आपण सामाला साम, दाम, दंड, भेद या चौघांतला सौम्य आणि निर्दोष उपाय समजतो, पण मुळात तो राजाने दुसऱ्याला वश करण्यासाठी वापरायचा उपाय आहे. ही यादी वाचताना मला एखाद्या घरातली दिवाळीआधीची बैठकच डोळ्यांसमोर दिसते. शब्द मायेचे असतात. राजकारण त्या शब्दांखाली असते.

उघडपणा पुरेसा नाही, याचे मोठे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. सप्टेंबर 1932 मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींनी अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपोषण आरंभिले. त्यात गुप्त काहीही नव्हते. साऱ्या देशाला कारण आणि मागणी माहीत होती. तरीही 24 सप्टेंबरला पुणे करारावर सही करताना डॉ. आंबेडकरांपुढे "नाही" म्हणण्याला कितीशी जागा होती? त्यांनी नकार दिला असता आणि गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते, तर त्याचे परिणाम गावोगावच्या अस्पृश्य वस्त्यांना भोगावे लागले असते. या उपोषणावर बाबासाहेबांनी पुढे अतिशय कठोर शब्दांत टीका केली. त्याआधी दोनच वर्षे, 1930 मध्ये, याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारात त्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. तोही दबावच होता; परंतु ज्यांच्यावर दबाव होता त्यांच्या हाती सत्ता होती, आणि नकाराची किंमत दबाव आणणाऱ्यांनाच मोजावी लागत होती. म्हणून मी प्रत्येक वेळी विचारतो की समोरच्याने नकार दिला तर काय बिघडेल, आणि कोणाचे बिघडेल. घरात रुसून जेवण सोडणाऱ्या आईलाही हाच प्रश्न लागू आहे. लग्नाच्या वयाच्या मुलींवर तो उपाय आजही होतो.

एक सावधगिरी. फ्रान्समध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की अनोळखी माणसाकडे थोडे पैसे मागताना "देणे न देणे तुमच्या हाती आहे" एवढे जोडले, तर देणाऱ्यांची संख्या बरीच वाढते. म्हणजे स्वातंत्र्याची आठवण करून देणे हेही मन वळवण्याचे साधन होऊ शकते. म्हणून आईला "तू मोकळी आहेस" असे सांगून थांबू नका. वाडा आज राहण्याजोगा आहे का? वीज चालू आहे का? जिन्याला कठडा बसला का? या गोष्टी झालेल्या नसतील, तर तिचे मोकळेपण केवळ तोंडचे आहे.

माहेर_निफाड:

सर, पिच्छा पुरवणाऱ्या पत्नीबद्दल आपण लिहिलेले पटले. एकच भर घालते: त्यांनी चार वर्षे आपल्याशी बोलणे थांबवले नाही आणि आपण ऐकले नाही तरी घर तुटले नाही. माझ्या भावाने दहा वर्षे जमीन मागितली असती आणि प्रत्येक दिवाळीला तितक्याच मायेने बोलावले असते, तर कदाचित मी एके दिवशी स्वतःच दिली असती.

जुन्यानाशकातला (प्रश्नकर्ता):

आपल्या सर्वांचे आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आधी घरी बोलणे आवश्यक होते.

कोर्टरस्ता यांच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा देतो. होय. फाल्गुनात एका बांधकाम व्यावसायिकाने वाड्याच्या पुनर्विकासाविषयी माझ्याकडे विचारणा केली होती आणि मी "आई तयार झाली की सांगतो" असे म्हटले होते. मूळ प्रश्नात मी हे लिहिले नाही. मुद्दाम लपवले असे मला तेव्हा वाटले नव्हते, पण काळजी आणि लाभ हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी होते, आणि मी इथेही फक्त काळजी सांगितली. त्यांना मी तूर्त नकार कळवला आहे, आणि आईलाही ही गोष्ट सांगितली आहे.

मंगळवारी रात्री आईजवळ बसून सगळे क्रमाने सांगितले. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी तिने एवढेच विचारले, "डॉक्टर तुला नेमके काय म्हणाले होते?" मी आठवून आठवून शब्द सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे कठडा बसवला असता तरी चालले असते." त्याचा तिला राग आला, पण तो माझ्या अपेक्षेपेक्षा कमी होता. खरा घाव दुसरीकडे बसला. "आणि तिलाही तूच सांगायला लावलेस?" असे तिने मावशींबद्दल विचारले, आणि त्यानंतर ती आत जाऊन पडून राहिली. मला वाटत होते की मी फक्त माझ्या आणि आईच्या नात्यात ढवळाढवळ केली. चाळीस वर्षांच्या मैत्रीला मी हात घातला होता, हे मला त्या क्षणापर्यंत दिसलेच नव्हते. मावशींच्या प्रत्येक आग्रहाकडे आई आता मागे वळून पाहील आणि यातला कोणता तिचा स्वतःचा होता, असे विचारील. मी मावशींकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मलाही ती इकडेच राहायला हवी होती रे. तू सांगितलेस म्हणून मी माझ्या मनाविरुद्ध बोलले." अजून दोघींचे फोनवर बोलणे झालेले नाही.

गुरुवारी ती डॉक्टरांकडे एकटी आत गेली आणि मी बाहेर बसलो. काय बोलणे झाले ते तिने मला सांगितले नाही, आणि मी विचारलेले नाही. वाड्याची तपासणी करण्यासाठी एका अभियंत्याला बोलावले आहे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि वरच्या वळणावर दिवा बसवण्याचे काम सुरू झाले आहे. पावसाळा संपेपर्यंत ती इथे राहील, दसऱ्यानंतर पाहू, असे ती म्हणाली. त्यावर मी तिला सांगितले की तू इथेच राहावीस असे मला अजूनही मनापासून वाटते, आणि दसऱ्यानंतरही मी तसे म्हणणार आहे. तू परत गेलीस, तर दर रविवारी आम्ही तिकडे जेवायला येऊ. ती म्हणाली, "म्हण की. मी कुठे तुला बोलू नको म्हटले?"

या बुधवारी तिला बाजाराला जायचे आहे. मी गाडीने पुलापर्यंत सोडायचे आणि तिथून परतायचे, असे तिने ठरवले आहे. बाजारानंतर ती मावशींकडे जाणार का, हे तिने सांगितलेले नाही.